अर्ध्या ठोक्याचा उशीर

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, मला शिकवताना दोनच शब्द लागायचे. एक ‘चिमट’ आणि दुसरा ‘गज’. चिमट म्हटलं की व्हायोलिनची तार बोटानं ओढून सोडायची, गज म्हटलं की गज तारेवर टेकवून लांब सूर काढायचा. वेगवेगळं करायला दोन्ही सोपं आहे. अवघड आहे ते एकातून दुसऱ्यात जाणं. चिमट चालू असताना गज कुठं खाली ठेवता येत नाही. तो त्याच हातात, शेवटच्या तीन बोटांनी तळव्याशी आवळून धरायचा, अंगठा तारांखालच्या काळ्या पट्टीच्या कडेला टेकवायचा आणि मोकळ्या तर्जनीनं तार छेडायची. मग ‘गज’ असा आवाज आला की मूठ उघडून पाचही बोटं दांडीवर आपापल्या जागी बसली पाहिजेत आणि गजाचे केस तारेला लागले पाहिजेत, तेही पुढचा ठोका पडायच्या आत. आबा हे हुकूम परेडवर देतात तसे द्यायचे. मी अठरा वर्षांची होते, बारावी झाले होते आणि साताऱ्याच्या सदर बझारातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसाचे चार तास उभी राहून हे करत होते.

आबा लष्करी बँडात होते. बँड म्हटला की लोकांना ढोल आणि पितळी वाद्यं आठवतात, पण साहेबलोकांच्या मेसमध्ये मोठं जेवण असलं की हेच जवान लाल कोट घालून व्हायोलिन वाजवायला उभे राहायचे. वडूजकडच्या आमच्या गावात पाऊस नाही, शेतात कुळीथ आणि बाजरी सोडून काही नाही, म्हणून आबा अठराव्या वर्षी भरती झाले. भजनात गळा बरा आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांना बँडात घातलं आणि तिथं त्यांच्या हातात व्हायोलिन आलं. पेन्शनीत आले तेव्हा उजवा खांदा इतका धरला होता की हात छातीच्या वर जात नव्हता. येताना त्यांनी एक जुनं व्हायोलिन विकत घेऊन आणलं होतं. ते कुणासाठी, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आमच्या खोल्यांच्या मागं पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याला एक जोड होता आणि तो जोड चाकावरून गेला की ‘टक्’ असा आवाज यायचा. सकाळी आठ ते बारा तो टक् टक् चालायचा आणि आबा मला त्याच ठोक्यावर वाजवायला लावायचे. दोन ठोके चिमट, दोन ठोके गज. मग एक चिमट, एक गज. वीज गेली की गिरणी थांबायची आणि मला वाटायचं सुटले. पण आबा लगेच मांडीवर थाप मारायला लागायचे. स्वयंपाकघराच्या दारात आई ताट घेऊन उभी असायची. ताटात हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं, पातळ माडगं, त्यावर तुपाची धार, शेजारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माडगं गरम असेतोवरच गोड लागतं, गार झालं की त्याची खळ होते. आई म्हणायची, “आवं, पोरीला दोन घास खाऊ द्या की.” आबा मान न वळवता म्हणायचे, “बोटं चिकाट हुत्यात. आदी हे हुंदे.” त्या वर्षात मी गरम माडगं किती वेळा प्याले, ते आठवायला लागलं तर आठवत नाही.

आबा मारकुटे नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्यामुळं भांडायला जागाच नव्हती. मला नर्सिंगला जायचं होतं. वर्गातल्या दोघी जणी गेल्या, मला पोस्टकार्डं पाठवू लागल्या. मी एकदा विषय काढला तर आबा म्हणाले, “सुया टोचायला कुणीबी जातंय. हे कुणाला येतंय सांग.” आज मी कराडला एका लॅबमध्ये रक्त काढते. पन्नाशी उलटली, डोळ्यांवर जाड भिंग आलं, तरी शीर मला बोटाच्या टोकाला लागते. सुया टोचणंही येरागबाळ्याचं काम नाही, हे आबांना सांगायचं राहून गेलं.

पुढं कुणीतरी आबांच्या कानावर घातलं की रेडिओवर वादकांच्या जागा भरतात, नोकरी पक्की असते, पण तिथं बँडाचं वाजवणं चालत नाही, रागदारी लागते. म्हणून त्यांनी मला सांगलीला गोगटेबाईंकडं नेलं. बाई साठीच्या, एकट्या, गावभागात एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर राहायच्या. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडं बघणाऱ्या. त्यांनी मला वाजवायला सांगितलं. मी उभी राहिले, व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि आबांनी सांगितलेली चाल वाजवली. चिमट आल्याबरोबर बाईंनी हात वर केला.

“हे काय आहे?”

“लष्करात असं वाजवत्यात बाई,” आबा म्हणाले.

“लष्करात काय करतात ते लष्करात. व्हायोलिन गातं. गाणाऱ्याला कुणी चिमटे काढतं का? माझ्या घरात तारेला बोट लागेल ते फक्त डाव्या हाताचं. तीन वर्षं इथं राहायचं, बसून वाजवायचं, आणि दुसरीकडं कुठंही वाजवायचं नाही. कबूल असेल तर ठेवा.”

“व्हय बाई. तुमी म्हणाल तसं,” आबा म्हणाले. जिना उतरताना मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पर हात जाऊ द्यायचा न्हाई, मंगल. मी येत जाईन.”

बाईंच्या घरात दिवस सकाळी साडेपाचला सुरू व्हायचा. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक छातीशी, आणि नुसता ‘सा’ लावायचा. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतका हळू न्यायचा की मधे आपला श्वास दोनदा व्हायचा. पहिले पाच महिने मी ‘सा’ सोडून फारसं काही वाजवलं नाही. दमट हवेनं लाकूड बिघडतं म्हणून खिडक्या बंद असायच्या. चारच्या चहाला एक खिडकी तासभर उघडायची. तिच्यातून समोरच्या गल्लीतून जाणारे बेदाण्याचे टेंपो दिसायचे, कुठं चाललेत ते माहीत नसायचं, तरी मी ते नजरेआड होईपर्यंत बघायची. खाली एकटीनं जायचं नाही, असा नियम होता. बाई दुष्ट नव्हत्या. मेतकूट-भातावर त्या स्वतःच्या वाटचं तूप मला वाढायच्या. पण जेवताना माझा हात बघायच्या आणि म्हणायच्या, “मनगट किती आवळून धरतेस गं. घास पण मुठीनं घेतेस.” सदर बझारात मी दोन खोल्यांत होते, इथंही दोन खोल्यांत. तिथं उभी होते, इथं बसलेली, एवढाच फरक.

दर पंधरवड्याला शनिवारी आबा एसटीनं यायचे. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. बाई तो देवापुढं ठेवायच्या. आबा नम्रपणानं विचारायचे, “पोरीला गणपतीपुढं वाजवायला घेऊन जाऊ का? देवाफुडं हजेरी लावती.” बाईंना ते आवडायचं, देवापुढचं वाजवणं त्यांच्या नियमात बसायचं. देवळात आम्ही जायचोही, बाहेरूनच हात जोडायचो आणि मग कृष्णेच्या घाटावर उतरायचो. तिथं खालच्या पायऱ्यांवर आबा व्हायोलिन काढायचे, बाईंनी लावलेल्या तारा उतरवून बँडाच्या सुरात लावायचे, मला उभी करायचे आणि म्हणायचे, “चिमट.” धुणं धुणाऱ्या बायका थापी हातात धरून बघत राहायच्या. मला वाटायचं पायऱ्या आणखी खाली जाव्यात आणि मी त्यांच्याबरोबर पाण्यात जावं. तासभर झालं की आबा तारा पुन्हा बाईंच्या सुरात आणायचे. घरी गेल्यावर बाई खुंट्या पिळत म्हणायच्या, “देवळात नेलं की तारा उतरतातच कशा?” मी म्हणायची, “नदीची हवा असेल.”

एका शनिवारनंतर माझ्या तर्जनीचं टोक फुटलं. आबांनी त्या दिवशी जास्तच वाजवून घेतलं होतं, फोड येऊन तो फुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझा हात धरून उजेडाकडं नेला.

“हे काय झालं?”

“विळीवर कापलं.”

त्यांनी बोट दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं. मग आत गेल्या, तुपात हळद कालवून आणली, बोटाला लावली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. “आठ दिवस विळीला हात लावायचा नाही,” म्हणाल्या. आठ दिवस भाजी त्यांनीच चिरली. त्यांच्या गुडघ्यांना विळीवर बसवत नसे, उठताना भिंतीला धरायला लागायचं. मी बाहेरच्या खोलीत बसून ‘सा’ वाजवत होते आणि मागून भिंतीला धरून उठण्याचा आवाज येत होता. त्या आठ दिवसांत मला सगळं सांगून टाकायचं होतं. पण सांगितलं असतं तर आबा खोटे ठरले असते, आणि नाही सांगितलं तर मी.

दसऱ्यानंतर आबा अवेळी आले, बुधवारी. साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा होता आणि आबांच्या बँडाचे जुने मास्तर, मेजरसाहेब, तिथं येणार होते. आबांनी त्यांना कळवून टाकलं होतं की माझी मुलगी मेसमधली चाल वाजवून दाखवेल. बाईंना मात्र त्यांनी सांगितलं, “हिच्या आईला बरं न्हाई. दोन दिस पाठवा.” बाई लगेच उठल्या. फडताळातून मोरावळ्याची बरणी काढली, झाकणावर फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिली. “रोज सकाळी एक फोड द्यायची म्हणावं. अंगात ताकद येते.” सातारा येईपर्यंत ती बरणी मी मांडीवर धरून बसले होते. आबा खिडकीबाहेर बघत होते. घरी आईनं दार उघडलं, ठणठणीत होती. बरणी बघून म्हणाली, “ही कशाला गं?” मी म्हटलं, “तुला दिली बाईंनी.”  बरणी तिनं उतरंडीमागं ठेवून दिली.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. रांगेनं खुर्च्या, छातीवर पदकं लावलेली म्हातारी माणसं, मागच्या बाजूला मसालेभाताचा आणि जिलबीच्या पाकाचा वास. मेजरसाहेब पहिल्या रांगेत बसले होते. पांढऱ्या मिशा, हातात काठी. आबा त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले.

“काय जाधव, ही तुझी पोरगी व्हय? ये बाळ, ये.” त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारून जवळ बोलावलं. “आरं, हिच्या बापाचा हात लय गोड हुता. पर गज उचलायला हमेशा लेट! चिमटातनं गजावर यायचं म्हटलं की अर्धा ठोका मागं. समद्यांच्या व्हायोलिनी एकदम वाजायच्या आन् मागनं एक वाजायची, ती जाधवची. एकदा जनरलसाहेबांनी मान वळवून बघितलं. मग काय करणार? झांजा दिल्या. पेन्शनीपातूर सहा वर्षं झांजा वाजवल्या गड्यानं. पर त्यात एक ठोका चुकला न्हाई, काय जाधव?”

“व्हय साहेब,” आबा म्हणाले. ते हसत होते. आबांना तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावलेले, मान ताठ, आणि तोंडावर ते हसू.

आम्हाला ते सांगायचे की पेन्शनीत येईपर्यंत मी व्हायोलिनवर होतो.

मला वर व्यासपीठावर बोलावलं. चाल तीन ठोक्यांची होती. पहिला भाग सगळा चिमट, दुसरा सगळा गज, आणि तिसऱ्या भागात दर तीन ठोक्यांनी बदल. पहिला भाग वाजवला, लोक माना हलवू लागले, एका वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. दुसरा भाग आला तेव्हा बाईंच्या घरातला तो पाच महिन्यांचा ‘सा’ माझ्या हातात आला. गज असा लांब, भरलेला निघाला की मागं जिलबीच्या कढईपाशी उभ्या असलेल्या माणसानं झारा खाली ठेवला. मला तेव्हा वाटून गेलं की हे मला येतंय. कुणाच्या हुकमावाचून येतंय. मग तिसरा भाग सुरू झाला आणि माझं लक्ष आबांकडं गेलं.

ते मेजरसाहेबांच्या मागच्या रांगेत बसले होते. उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्या हाताची बोटं माझ्याबरोबर वाजवत होती. तर्जनी गुडघा छेडत होती, मग मूठ उघडायची, मग बोटं हातात नसलेल्या गजाच्या दांडीवर बसायची. आणि दर वेळी अर्धा ठोका मागं. मी पुढं निघून जात होते आणि तो हात मागून येत होता. दोनदा, तीनदा तसं झालं. चौथ्या वेळी मी थांबले. हात चुकला नव्हता, मूठही वेळेवर उघडली होती, गज तारेच्या वर तयार होता. मी तो खाली टेकवला नाही. आबांची बोटं जागेवर बसेपर्यंत थांबले, आणि मग टेकवला. पुढच्या वेळीही तसंच. शेवटपर्यंत तसंच. त्या हाताला मागं टाकून पुढं जाणं मला जमेना, एवढंच आज सांगता येतं.

शेवटचा सूर संपला आणि मेजरसाहेबांनी काठी जमिनीवर आपटली. “बापाचीच लेक! अर्धा ठोका! आरं, हुबेहूब!” सगळं कार्यालय हसलं, टाळ्या पडल्या.  आबा उठले आणि पाण्याच्या पिंपाकडं गेले. पेला भरून घेतला, पण प्याले नाहीत.

घरी येताना ते माझ्या चार पावलं पुढं चालत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगलीच्या गाडीत बसवलं, पेटी वर फळीवर ठेवली आणि गाडी सुटायच्या आत निघून गेले. त्याआधी सकाळी, ते बाहेर असताना, मी आईला झांजांचं सांगितलं होतं. आई चुलीपुढं होती. म्हणाली, “मला ठावं हाय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? सुट्टीवर आलं की तळहाताला ही घट्टं असायची. व्हायोलिननं तळहाताला घट्टं पडत्यात व्हय?” तिनं भाकरी उलटली. “मी कवा इचारलं न्हाई. तूबी इचारू नगं.”

सांगलीत बाईंनी दार उघडलं आणि आधी विचारलं, “आई कशी आहे?” मी म्हटलं, “बरी आहे.” मग त्यांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं. आतल्या पानावर फोटो होता. मी उभी, व्हायोलिन खांद्यावर, मुठीत गज आणि तर्जनी तारेवर. बोटाला बाईंनी बांधलेली पट्टी नव्हती, पण ते बोट तेच होतं.

“विळीवर कापलं नव्हतं तर,” बाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

“मोरावळा तरी पोचला का?”

तिथं मला रडू फुटलं. बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “हे बघ, मी तुला घालवून देणार नाही. हात चांगला आहे तुझा. पण आता परत पहिल्यापासून. ‘सा’पासून. वडील आले तर इथं माझ्यासमोर बसतील, तुला बाहेर नेणार नाहीत. तीन वर्षं आजपासून मोजायची. बस.”

त्यांनी सतरंजी अंथरली होती. खिडक्या बंद होत्या. मी सतरंजीकडं बघत उभी राहिले. बसावं असं पायांना सांगत होते आणि पाय ऐकत नव्हते. शेवटी मी म्हटलं, “बाई, मी नाही बसणार. मला घरी जायचंय.”

घरी काय होतं? गिरणी होती, चिमट-गज होतं, न बोलणारे आबा होते. घरी जायला मी काही घराच्या ओढीनं निघाले नव्हते. ‘नाही’ म्हटल्यावर कुठंतरी जायला लागतं, आणि मला दुसरी जागा माहीत नव्हती. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. डब्यात दहीभात भरला, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, “चांगला होता हात.” मघाशी ‘आहे’ म्हणाल्या होत्या. तो ‘होता’ मी एसटीत बसून पुष्कळ वेळ चघळत होते.

साताऱ्यात पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. गिरणी बंद झाली होती. आबा उंबऱ्याशी बसून बुटांना पॉलिश करत होते. पेन्शनीत आल्यावरही ते रोज करायचे. मला आणि पेटीला बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला. मी सांगून टाकलं की मी बाईंचं घर सोडलंय, रेडिओवर जाणार नाही, आणि आता उभं राहूनही वाजवणार नाही. मला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. हे सगळं मी एका दमात बोलले. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. आबांनी पॉलिशच्या डबीला झाकण लावलं. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

“काल उशीर का केलास? तुजा हात वेळेत उगाडला हुता. मी बघितलं. माझी चेष्टा केलीस व्हय, चार लोकांत?”

म्हणजे कालपासून ते एवढ्यासाठीच माझ्याशी बोलत नव्हते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“न्हाई, आबा. तुमच्या हाताकडं बघून वाजवत होते. तुमी मागं राहत हुता. म्हणून थांबत होते.”

आबांनी स्वतःचा उजवा हात उलटा केला, सुलटा केला. बोटांना काळं पॉलिश लागलं होतं. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

“मग सांगायचं न्हाई व्हय आदी? हात खिशात घातला आस्ता मी.”

आणि तसेच उठून उभे राहत त्यांनी तो हात, पॉलिशसकट, विजारीच्या खिशात घातला. आईनं जेवायला हाक मारली तरी त्यांनी तो बाहेर काढला नाही.